गड्ड्यापासून गणपतीपर्यंत: रॅक इफेक्ट प्रोसेसरच्या पॅनलचा अनुभव

सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या आधी घेतलेला हा एक युनिटचा (रॅकच्या एका खणात बसणारा) इफेक्ट प्रोसेसर, म्हणजे गाण्याच्या आवाजाला घुमारा आणि प्रतिध्वनी देणारा डबा, आता गणपतीतही वाजून झालाय. आवाजाबद्दल तक्रार नाही, या किमतीत रिव्हर्ब (घुमारा) चांगलाच आहे. लिहायचंय ते पुढच्या पॅनलबद्दल, कारण कार्यक्रम चालू असताना आपली गाठ त्याच्याशीच पडते. कंपनीचं नाव देत नाही. या बजेटातल्या बऱ्याच डब्यांची मांडणी थोड्याफार फरकानं अशीच असते.

डावीकडे इनपुटचा नॉब आणि शेजारी हिरवे, पिवळे, लाल दिवे. हा नॉब सिग्नल डिजिटल होण्याआधी काम करतो, त्यामुळे इथं लाल लागला की आवाज फाटलाच. मग पुढं आउटपुट कितीही उतरवा. गायक तार सप्तकात गेल्यावर पिवळा चमकून जाईल, इतकं बास. फार खाली ठेवलं तर आलापाच्या शांत जागी हिस ऐकू येतो.

मिक्सचा, म्हणजे मूळ आवाज आणि इफेक्ट यांच्या प्रमाणाचा, नॉब मी शंभरवर नेऊन त्यावर चिकटपट्टी मारलीय. प्रोसेसर मिक्सरच्या ऑक्सवर (चॅनेलमधला आवाज वेगळा बाहेर पाठवणाऱ्या वाटेवर) जोडला असेल तर त्यातून फक्त इफेक्टच परत यायला हवा. मूळ आवाज चॅनेलवरून जातोच.

आता बायपास. भजन संपतं, अध्यक्ष माइक हातात घेतात आणि भाषणाला देवळातला घुमारा लागतो. साहजिकच हात बायपासकडे जातो. पण ऑक्सवर जोडलेल्या डब्यात बायपास म्हणजे इफेक्ट बंद होऊन कोरा आवाज आत-बाहेर. तो चॅनेलवरच्या आवाजात मिसळतो आणि भाषण बारीक व्हायच्या ऐवजी अंगावर येतं. आमचा पोरगा लांबूनच ओरडला, ‘‘मालक, आवाज वाढला की!’’ युटिलिटी मेनूत शेवटच्या पानाच्या आसपास बायपासऐवजी म्यूट करायची सोय आहे. ती एकदा लावली की तेच बटण खऱ्या कामाचं होतं. एवढी महत्त्वाची गोष्ट इतक्या आत का दडवली, देव जाणे.

टॅपचं बटण मात्र लाखात एक. ठेक्यावर दोन-तीनदा बोट मारलं की डिले (प्रतिध्वनी किती वेळानं येतो ते) लयीत बसतो. हिशेब सोपा आहे: 60000 भागिले मिनिटातल्या मात्रा. शंभराच्या लयीला 600 मिलिसेकंद. भजनी मंडळ मात्र लय चढवत नेतं, तेव्हा मधे पुन्हा टॅप करावंच लागतं.

एडिट दाबून आत गेलं की प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीची उसंत), डिके (घुमारा विरायला लागणारा वेळ), हाय कट (घुमाऱ्यातला वरचा तीक्ष्ण आवाज कापणारा). होम मैदानावर उघड्यावर दोन सेकंदांचा डिके शोभतो. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या बंद सभागृहात मी सव्वा सेकंदाच्या वर जात नाही. प्री-डिले 30 मिलिसेकंदांच्या आसपास ठेवला की अभंगाचे शब्द सुटे राहतात. टाळ गायकाच्या माइकमध्ये शिरतातच, आणि त्यांची किणकिण रिव्हर्बमध्ये चरचरते. त्यासाठी हाय कट चार-पाच हजार हर्ट्झपर्यंत उतरवायचा.

एन्कोडर, म्हणजे मेनूतले आकडे बदलायचा गोल फिरणारा नॉब, हा या डब्याचा खरा कच्चा दुवा. उन्हाळ्यानंतर तो उड्या मारायला लागला: एक खाच फिरवली की आकडा तीननं पुढं, कधी उलटाच मागं. आपल्याकडची धूळ काही नवी नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारल्यावर सुधारला, पण पूर्ण नाही. दुपारच्या उन्हात डिस्प्लेही काळवंडतो, तेव्हा कॉन्ट्रास्ट कमी करावा लागतो, आणि तोही मेनूतच.

म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी मी एन्कोडरला फारसा हात लावत नाही. घरी बसून उघडं मैदान, सभागृह आणि भाषण असे तीन प्रोग्रॅम युजर मेमरीत ठेवलेत. स्टोअर दोनदा दाबावं लागतं; एकदाच दाबून बंद केलात तर बदल गेले. फॅक्टरी प्रोग्रॅमवर लिहिता येत नाही, हे बरंच आहे.

स्टुडिओत निवांत बसून काम करणाऱ्यानं खुशाल घ्यावा. मंडपात वापरणार असाल तर मागच्या फूटस्विचच्या सॉकेटला स्विच जोडून म्यूट पायाखाली घ्या, आणि सेकंड हँड घेताना दुकानातच एन्कोडर दोन्ही बाजूंना सावकाश फिरवून बघा.