‘केवायसी नको’ म्हणणाऱ्या साइटने माझे 2,140 यूएसडीटी अडकवले

आज 47 दिवस झाले. माझे 2,140 यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो नाणं), म्हणजे त्या दिवशीच्या 88 रुपये भावाने 1 लाख 88 हजार 320 रुपये, एका स्वॅप साइटवर, म्हणजे एक क्रिप्टो देऊन दुसरं घ्यायच्या साइटवर, ‘होल्ड’ आहेत. मी सांगलीत विश्रामबागला घरूनच परदेशी क्लायंटची डिझाइनची कामं करतो. ही तीन महिन्यांची कमाई. सट्ट्याचा पैसा नव्हे. आधीच सांगतो, कारण ऐकणारा प्रत्येक जण तेच धरून चालतो.

यूएसडीटीचे बिटकॉइन करून ठेवायचे होते, एवढंच. मिरजेच्या मित्राने ही साइट चार वेळा वापरलेली. खातं नको, कागदपत्रं नकोत. तरी मी आधी 50 यूएसडीटी पाठवून पाहिले. 12 मिनिटांत बिटकॉइन वॉलेटमध्ये आले, मग उरलेले सगळे एका दमात पाठवले. छोटी रक्कम सुटली म्हणून मोठी सुटेल, या भरवशावर राहू नका.

बटणाखाली एक ओळ होती: संशयास्पद व्यवहार तपासणीसाठी थांबवले जाऊ शकतात. ती मी वाचली होती! हेच डोक्यातून जात नाही. मला वाटलं, हे चोरांसाठी असेल. पण त्यांचं सॉफ्टवेअर माणूस बघतच नाही, पैशाचा माग काढतं. क्लायंटकडे ते यूएसडीटी येण्याआधी कुणाकुणाच्या वॉलेटमधून फिरले, त्यावर ‘रिस्क स्कोअर’ ठरतो. आणि माझ्या बाबतीत तो ठरला पैसे त्यांच्या ताब्यात गेल्यावर. आधी का नाही तपासलं? रिफंड ॲड्रेसचा, म्हणजे पैसे परत पाठवायच्या वॉलेटच्या पत्त्याचा, रकाना ऐच्छिक होता, मी रिकामा सोडला. तुम्ही सोडू नका.

मग ज्यांना केवायसी नको होतं, त्यांनी पासपोर्ट, हातात कागद धरून सेल्फी, बँक स्टेटमेंट, इनव्हॉइस सगळं मागितलं. सगळं दिलं. उत्तर एकच, ‘तपास चालू आहे’.

पोलीस ठाण्यात साडेतीन तास बसलो. ‘तुम्हीच पाठवले ना? मग फसवणूक कसली?’ ट्रॅन्झॅक्शन हॅशची, म्हणजे क्रिप्टो व्यवहाराच्या क्रमांकाची, प्रिंट पुढे केली, तर बँक व्यवहाराचा यूटीआर नंबर मागितला. ब्लॉकचेनवर, क्रिप्टोच्या नोंदवहीत, यूटीआर कुठून आणू? दुसरे साहेब म्हणाले, क्रिप्टोच बेकायदेशीर आहे, उलट तुमच्यावरच केस होईल. बेकायदेशीर? 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर घेतात, 1 जुलै 2022 पासून 1 टक्का टीडीएस कापतात. बँकांना क्रिप्टो व्यवहारांसाठी सेवा द्यायला मनाई करणारं रिझर्व्ह बँकेचं 2018 चं परिपत्रक सुप्रीम कोर्टाने मार्च 2020 मध्येच रद्द केलं. कर भरताना मी नागरिक आणि तक्रार घेऊन गेलो की सटोडिया? शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला, त्याची पोच द्यायलाही आढेवेढे. बँकेने तर हातच झटकले.

तुमचे पैसे बँकेतून किंवा यूपीआयने गेले असतील तर त्याच मिनिटाला 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, निदान समोरचं खातं गोठवायची संधी असते. मार्च 2023 पासून क्रिप्टोच्या सेवा मनी लाँडरिंग कायद्याखाली आल्या आहेत. एफआययू-इंडियाकडे (संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणारी केंद्र सरकारची यंत्रणा) नोंद नसलेल्या साइटला हात लावू नका. आणि टेलिग्रामवर ‘300 यूएसडीटी भरा, सोडवून देतो’ म्हणणारे येतील. मला दोघे आले. एक रुपया देऊ नका.

काल त्यांची नवी मेल आली. आता क्लायंटच्या पासपोर्टची प्रत हवी आहे. मी क्लायंटला तीन मेल टाकल्या, त्याने एकालाही उत्तर दिलेलं नाही.