‘जीन सायलेन्सिंग’च्या नावाने केलॉईडवर टोचले जाते ते काय?

म्हापशातील एका सौंदर्य चिकित्सालयाने माझ्या भाचीच्या खांद्यावरील केलॉईडवर, म्हणजे व्रणाच्या जागी वाढत गेलेल्या गाठीवर, ‘जीन सायलेन्सिंग’चे (जनुकाला गप्प बसवण्याचे) उपचार करतो असे सांगून आमच्याकडून 48 हजार रुपये घेतले. फुगलेल्या व्रणांनी गांजलेली माणसे अशा आश्वासनाला सहज भुलतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

त्यांच्या माहितीपत्रकातील बहुतेक मजकूर खरा होता आणि माझ्या मते हाच या फसवणुकीचा सर्वांत घातक भाग आहे. जनुकाकडून निघालेला संदेश पेशीतच नष्ट करून त्या जनुकाला गप्प बसवता येते, हे अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी 1998 मध्ये कृमींवरील प्रयोगांतून दाखवले व त्यासाठी त्यांना 2006 चे नोबेल मिळाले. या तत्त्वावरील पॅटिसिरान हे पहिले औषध 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. आणि व्रणात कोलॅजन (कातडीला घट्टपणा देणारे तंतू) वाढवणाऱ्या सीटीजीएफ या प्रथिनाचे जनुक रोखणाऱ्या इंजेक्शनांच्या चाचण्या परदेशात खरोखर झाल्या आहेत. मात्र पॅटिसिरान हे मज्जातंतूंच्या एका आनुवंशिक विकारावरचे औषध आहे आणि व्रणांसाठी असे एकही औषध अद्याप विक्रीसाठी मंजूर झालेले नाही, हे पत्रकातून सोयीस्करपणे गाळले होते.

भाचीला टोचलेल्या औषधाच्या कुपीवर चिकित्सालयाचे रंगीत लेबल तेवढे होते. उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत यांपैकी काहीही नव्हते. विचारल्यावर, औषध चाचणीतले असल्याने त्यावर काही छापत नाहीत, असे उत्तर मिळाले. हे धादांत खोटे आहे. चाचणीतील औषधालाही लेबल लागते, चाचणीची सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत आधी नोंद व्हावी लागते, नीतिमत्ता समितीची मान्यता आणि रुग्णाला समजेल अशा भाषेतील संमतीपत्र लागते, आणि चाचणीच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. आमच्या पावतीवर ‘त्वचा सौंदर्य सेवा’ एवढेच लिहिले होते.

सुरुवातीला गाठ मऊ पडली, खाजही थांबली, त्यामुळे विश्वास वाढला. पुढे मात्र तिथली कातडी खोलगट व पांढरट झाली, तिच्यावर बारीक लाल शिरा दिसू लागल्या आणि गाठीच्या कडा पुन्हा वाढू लागल्या. गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) त्वचारोग विभागातील डॉक्टरांनी पाहताच सांगितले की ही लक्षणे ट्रायामसिनोलोन या स्टेरॉइडची मात्रा जास्त झाल्याची असावीत. म्हणजे केलॉईडवर कित्येक दशके दिले जाणारे साधे, स्वस्त इंजेक्शनच बहुधा नव्या नावाने आणि मात्रेचे भान न ठेवता टोचले गेले. एरवी हेच औषध जाणकार डॉक्टर मोजून देतात व त्याचा चांगला उपयोगही होतो, याचा मला अधिक संताप येतो.

आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली आहे. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. असे उपचार घेतलेल्या कोणाकडे रिकामी कुपी उरली असल्यास ती फेकू नये, पावतीसह प्रशासनाकडे द्यावी. आमच्याकडे कुपी नसल्याने सारी भिस्त पावतीवर आणि छायाचित्रांवर आहे.