जुन्या फायबर बोटीचं सडलेलं लाकूड बदललं, एक पूर्ण वर्षाच्या वापरानंतरचा अनुभव (नागपूर)

राजेहो, निकाल आधी सांगतो आणि मग सविस्तर लिहितो. १४ फुटी जुनी फायबर बोट होती, आतलं लाकूड सगळं गेलेलं, ते काढून आयएस ७१० चा (बोटीच्या कामाच्या प्लायचं भारतीय मानक) मरीन प्लाय आणि इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर कडक होणारं रेझिन) लावून नवीन बसवलं. मागच्या उन्हाळ्यात काम संपलं, तेव्हापासून बोट रामटेककडच्या एका तलावावर मच्छीमार संस्थेच्या कामाला आहे, रोहू-कतलाची ओली जाळी, दोन-तीन माणसं, मागे छोटी मोटर. पावसाळा झाला, थंडी झाली, आता परत मे लागलाय, आणि ट्रान्सम, म्हणजे मोटर लटकते ती मागची भिंत, जसाच्या तसा टणक आहे. इपॉक्सीचा पैसा वसूल. फक्त पुढची सीटची पेटी आपण खर्च वाचवायला साध्या पॉलिएस्टर रेझिनने केली होती, तिची गोष्ट वेगळी आहे, खाली लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फायबरची बोट नुसती फायबरची नसते. मागची भिंत, जिच्यावर मोटर लटकते, तो ट्रान्सम, आणि तळाला लांबीभर जाणारे स्ट्रिंगर, यांच्या पोटात बहुतेक जुन्या बोटींत लाकूडच असतं, वरून फायबर चढवलेलं. बाहेरून बोट चकाचक दिसते आणि आत लाकूड कुजत असतं. आमची घ्यायच्या आधी हातोडीच्या मुठीने ठोकून पाहिली तर बाजूला टण टण आणि मागे एकदम भद्द आवाज. मोटरच्या बोल्टची एक जागा उघडली तर तपकिरी पाणी ओघळलं आणि मागोमाग लाकडाचा भुगा, चमच्याने काढता येईल असा, चहात बुडवलेल्या टोस्टासारखा. लोकांना वाटतं तलावाच्या पाण्याने सडलं. खरं नुकसान पावसाच्या पाण्याने होतं, उघड्यावर पडलेल्या बोटीत ते साचतं आणि स्क्रूच्या भोकांतून लाकडात उतरतं. बुरशीला ओल आणि हवा दोन्ही पाहिजे आणि गोडं पाणी तिला फार मानवतं, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तिचं एवढं फावत नाही. म्हणून आपल्याकडच्या तलावावरच्या बोटींची जास्त तपासणी करा.

लाकडावर बरीच चर्चा झाली. ओळखीचे सुतारकाका म्हणे, "काहून प्लायवर पैसा घालून रायला बाबू, बल्लारशाचा साग टाक ना, तुझ्या नातवापर्यंत चालते." काकांचा अनुभव मोठा आहे आणि दारं-खिडक्यांसाठी त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण सागात तेल असतं, अॅसिटोनने चांगला पुसल्याशिवाय इपॉक्सी त्याला नीट धरत नाही, आणि अख्खी फळी ओलीने फुगते-आकसते तशी फायबरपासून सुटायला बघते. प्लायच्या थरांची दिशा आडवी-उभी असल्याने तो जागेवर राहतो. म्हणून १८ एमएमच्या दोन शीट एकमेकांवर चिकटवून ट्रान्सम केला. घेताना शिक्का आयएस ७१० चाच बघा, दुकानदार "वॉटरप्रूफ आहे भाऊ" म्हणून ३०३ वाला, म्हणजे साध्या कामाचा प्लाय, हातात देतात, आणि कापल्यावर कडेला पोकळी दिसली तर ती शीट परत करा.

आता नागपूरच्या उन्हाचं, कारण बाहेरच्या व्हिडिओत हे कोणी सांगत नाही. सुकवायला आपला एप्रिल-मे एक नंबर, हवा कोरडी, उघडलेली बोट सावलीत ठेवली की हाडापर्यंत सुकते. पण रेझिन मिसळायला ४५ डिग्री म्हणजे परीक्षा. एलवाय ५५६ या इपॉक्सी रेझिनला एचवाय ९५१ हार्डनर वजनाने शंभराला दहा पडतो, काटा लावूनच मोजायचा, आणि तापमान दहा डिग्री वाढलं की हातात असलेला वेळ साधारण अर्धा होतो. मगात जास्त माल ठेवला तर तो स्वतःच्याच उष्णतेने तापतो, धूर निघतो आणि दगड होतो. पसरट ट्रेमध्ये थोडं थोडं कालवा. आणि कोरड्या लाकडावरचा पहिला पातळ हात संध्याकाळी ऊन उतरल्यावरच मारा. लाकूड थंड होत असताना आतली हवा आकसते आणि रेझिन आत ओढलं जातं, सकाळी मारला तर दिवस चढतो तशी हवा बाहेर येते आणि फोडच फोड. आम्ही नौतप्यात (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सगळे हात रात्री मारले, एकही फोड नाही.

साधी चॉप्ड मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चादर) इपॉक्सीसोबत वापरू नका, तिचा बाइंडर, म्हणजे तंतू धरून ठेवणारा गोंद, पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं म्हणून मॅट ताठच राहते. विणलेलं कापड घ्या. कोपऱ्यात एरोसिल पावडर घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीची गोलाई द्या, काटकोनात कापड बसत नाही, मागे हवा राहते.

या वर्षभरात सगळ्यात जास्त कामाला आलेली गोष्ट म्हणजे भोकं. मोटरचा प्रत्येक बोल्ट, पाणी काढायचं प्रत्येक छिद्र आधी मोठं पाडलं, घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरलं, सुकल्यावर त्या इपॉक्सीतून पाहिजे त्या मापाचं भोक घेतलं. म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही. गेल्या महिन्यात मोटर उतरवली तेव्हा एक एक भोक टॉर्च लावून पाहिलं, आत काचेसारखी गुळगुळीत भिंत, ओलीचा डाग नाही. प्लाय कितीही महागाचा आणा, ही भोकं उघडी राहिली तर आपली पुढची दुरुस्ती ठरलेली आहे.

आता ती सीटची पेटी. जीपी रेझिन, म्हणजे तेच साधं पॉलिएस्टर, इपॉक्सीच्या मानाने खूप स्वस्त पडतं आणि नवीन फायबर माल बनवायला ते उत्तमच आहे. पण जुन्या, वाळलेल्या फायबरला आणि लाकडाला त्याची पकड कमी. पावसाळा संपता संपता पेटीची मागची कड नखाने उचलता येईल इतकी सुटली होती. ट्रान्समला हेच झालं असतं तर मोटर तलावाच्या तळाशी गेली असती. पेटीवर भार नाही, म्हणून तिथे चालून गेलं. भार येणाऱ्या जागी मात्र इपॉक्सीच.

जीपी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट जिवापाड लक्षात ठेवा. कोबाल्ट (रेझिन लवकर जमवणारं) आणि एमईकेपी (त्याचं हार्डनर) हे दोन कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मगच एमईकेपी. डोळ्याला चष्मा पाहिजेच. आणि घासताना फायबरची धूळ उडते, त्याला रुमाल बांधून भागत नाही, चांगला रेस्पिरेटर घ्या, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. इपॉक्सीच्या हार्डनरची काही लोकांना कायमची अॅलर्जी बसते, ग्लोव्हज काढून हात लावू नका.

रंग अजून चांगला आहे. इपॉक्सी उन्हात पिवळी पडून भुरभुरायला लागते म्हणून वरून टू-पॅक पीयू (दोन भाग मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग) मारला होता, पांढरा. गडद रंगाचा मोह टाळा, मे महिन्यात त्यावर हात ठेववत नाही आणि आतलं रेझिनही तापून मऊ पडू शकतं.

आता पाऊस सुरू व्हायच्या आत पेटी तोडून इपॉक्सीने करतोय, कापड आणि रेझिन इतवारीतून आणून ठेवलंय. कोणाला ट्रान्समचं माप किंवा जुनं लाकूड कसं कोरून काढलं ते पाहिजे असेल तर विचारा, फोटो आहेत, टाकतो.