बारीक अ‍ॅरागोनाइट वाळू, वर्षभर वापरून (वाळूत झोपणाऱ्या माशांसाठी)

रिव्ह्यू कशाचा ते आधी सांगते. खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी पिशवीत मिळणारी कोरडी अ‍ॅरागोनाइट वाळू (कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे चुनखडीच्या जातीची), बारीक ग्रेड, दाणा साधारण 0.5 ते 1 मिमी. माझ्याकडे रॅस या समुद्री माशांपैकी दोघी आहेत, एक लेपर्ड रॅस, हिंदी महासागरातली, केशरी अंगावर पांढरे ठिपके, आणि एक पिवळी कोरिस रॅस. दोघी रात्री वाळूत झोपतात, घाबरल्या तरी वाळूतच शिरतात, त्यामुळे वाळू चांगली की वाईट हे मी दिसण्यावरून ठरवत नाही, या दोघींवरून ठरवते.

याआधी टँकमध्ये क्रश्ड कोरल होतं, 3-4 मिमीचे तुकडे, साफ करायला सोपं म्हणून कोणीतरी सुचवलं आणि मी घातलं. पहिली लेपर्ड रॅस त्यातच गेली. अजून वाईट वाटतं. हा मासा दचकला की तोंड खाली करून सरळ मुसंडी मारतो, खाली काय आहे ते बघत नाही, आणि ते तुकडे म्हणजे फुटलेल्या शिंपल्यासारखे धारदार. चौथ्या दिवशी जबड्याजवळ ओरखडा दिसला, मग तोंड सुजलं, मग खाणंच थांबलं. लेपर्ड रॅस दिवसभर दगडांवरून कोपेपॉड (कोळंबीच्या नात्यातले अगदी बारीक जीव) आणि इतर बारीकसारीक जीव टिपत फिरते, एकदा खाल्लं की झालं असा मासा नाही तो, त्यामुळे तोंडाला लागलं की तिला सावरायला वेळच मिळत नाही. दाण्याच्या मापावर मी एवढी का अडून बसते ते यावरून कळेल.

आता ही वाळू. पिशवीवर लिहिलंय की धुवायची गरज नाही, त्यावर विश्वास ठेवू नका. बादलीत थोडी थोडी घेऊन हाताने ढवळली तर पाणी अक्षरशः दुधासारखं झालं, 8 वेळा पाणी बदललं, शेवटचं पाणी आरओचं घेतलं, तरी टँकमध्ये घातल्यावर 2 दिवस काही दिसत नव्हतं आणि दगडांवर पांढरी पूड बसली ती पंपाच्या झोताने उडवावी लागली. वाळू टाकताना एक करा, दगड आधी खालच्या काचेवर टेकवून घट्ट बसवा, वाळू नंतर त्यांच्या भोवती घाला. वाळूवर दगड ठेवले आणि खालून कोणी उकरलं तर दगड माशावर येतो.

पीएच टिकवते असंही पिशवीवर आहे. आपल्या टँकचा पीएच 8 च्या वर असतो, त्या पाण्यात अ‍ॅरागोनाइट जवळजवळ विरघळत नाही, पीएच बराच खाली गेला तरच विरघळायला लागतं, तेव्हा या वाळूच्या भरवशावर अल्कलिनिटीचं (पीएच सावरून धरणाऱ्या क्षारांचं) डोसिंग बंद करू नका. शिवाय ही वाळू कोरडी असते, तिच्यात जीव काहीच नसतो. कोपेपॉड वाढायला महिने लागतात म्हणून मी दुसरी लेपर्ड आणायला 5 महिने थांबले, आणि तेच योग्य झालं.

आणल्यावर ती लगेच वाळूत गेली आणि 5 दिवस दिसलीच नाही. खूप जण इथेच घाबरून वाळू उकरतात, प्लीज उकरू नका. लांबून आलेल्या माशाला आपल्या लाईटच्या वेळा माहीत नसतात, त्याचं घड्याळ जुन्याच समुद्रावर चालू असतं, कधी कधी तो रात्री बाहेर येऊन परत आत जातो आणि आपल्याला कळतही नाही. सहाव्या दिवशी दुपारी वाळूतून आधी नाक आणि एक डोळा वर आला, बराच वेळ तेवढाच, डोळा सगळीकडे फिरत होता, मग ती बाहेर आली. अंगावर एक ओरखडा नव्हता. माझ्यासाठी या वाळूचा खरा निकाल त्याच दिवशी लागला.

रोज संध्याकाळी लाईट जायच्या 15-20 मिनिटं आधी पिवळी पहिली जाते. समोरच्या कोपऱ्यात येते, अंग तिरकं करून एका डोळ्याने खाली बघते, 2-3 जागा पारखते, आणि मग एकच झटका, वाळूचा छोटा ढग, आणि वर नुसता एक खळगा. कधी काचेला लागून झोपली तर बाजूने दिसते, कल्ल्याजवळचे चारदोन दाणे तिच्या श्वासाबरोबर हळूच हलत असतात. त्या कोपऱ्यात मी मुद्दाम 7 सेंमी थर दिलाय, बाकी ठिकाणी 4-5.

उणी बाजू पण आहे. वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारा पंप) जोरात लावला तर ही वाळू उडते, माझ्याकडे एका बाजूला काच उघडी पडली होती, पंप वर सरकवून वळवला तेव्हा थांबलं. ज्यांना कोरलसाठी खूप जोराचा फ्लो लागतो त्यांना हा त्रास होणार. क्वारंटाईनमध्ये (नवा मासा आधी वेगळा ठेवतो त्या टँकमध्ये) प्लास्टिकच्या डब्यात वाळू भरून ठेवा, रॅसला उघड्या तळावर ठेवू नका, पण औषध म्हणून कॉपर देणार असाल तर त्या डब्यात ही वाळू नको, अ‍ॅरागोनाइट कॉपर शोषून घेतं आणि डोस घसरतो, तिथे बारीक सिलिका वाळू घ्या. आणि जॉफिश पाळणाऱ्यांनी नुसती हीच घेऊ नये, तो तोंडाने खडे रचून बीळ बांधतो, बारीक वाळूत बीळ ढासळतं, त्याला वाळूत कोरलचे लहानमोठे तुकडे मिसळून 10-15 सेंमी थर लागतो. जाळीचं झाकण मात्र रॅस आणि जॉफिश दोघांनाही लागतंच, हे सगळे मासे उडी मारतात.

रॅससाठी 5 पैकी साडेचार, अर्धा कापला तो त्या न धुण्याच्या दाव्यासाठी. सायफन करताना ही पटकन नळीत ओढली जाते, त्यामुळे नळी थोडी वर धरून नुसता वरचा कचरा घ्यायचा, आणि तोही भर दुपारी. दोघी बाहेर फिरताना डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी त्या कोपऱ्यात हात घालत नाही.