सोसायटीच्या गेटचा कॅमेरा ऑनलाइन दाखवायचाय, यूट्यूब की स्वतःचा सर्व्हर?

मुंबईत बऱ्याच ब्रॉडबँडला स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट तुमच्या नेटपर्यंत पोहोचायचा पत्ता) मिळत नाही, त्यामुळे बाहेरून स्वतःच्या सर्व्हरवर थेट येता येत नाही, तिथेच निम्मा निर्णय होतो. यूट्यूबला रास्पबेरी पाय (कॅमेऱ्याला जोडायचा छोटा, स्वस्त कॉम्प्युटर) बाहेरच्या दिशेनेच स्ट्रीम ढकलतो, त्यामुळे राउटरला हात लावायला नको, एफएफएमपेग या मोफत प्रोग्रामने कॅमेऱ्याची आरटीएसपी (कॅमेरा देतो ती व्हिडिओ स्ट्रीम) उचलायची आणि कॉपी मोडमध्ये, म्हणजे व्हिडिओ पुन्हा एन्कोड न करता, आरटीएमपीने (यूट्यूब लाइव्ह स्ट्रीम घेतं त्या पद्धतीने) पाठवायची, बस. फक्त कॅमेरा एच.२६४ (व्हिडिओचा फॉरमॅट) वर ठेवा आणि आवाज नसेल तर सायलेंट ऑडिओ जोडा नाहीतर यूट्यूब कुरकुर करतं. रास्पबेरी पाय ५ मध्ये एच.२६४ चा हार्डवेअर एन्कोडरच (व्हिडिओ त्या फॉरमॅटमध्ये बदलणारा चिपमधला भाग) नाहीये, म्हणून कॉपी मोड खरंच महत्त्वाचा. बघणारे दोन असोत की दोनशे, तुमचं अपलोड तेवढंच, २ एमबीपीएसला दिवसाला साधारण २२ जीबी.

पण चित्र बरेच सेकंद उशिरा येतं, आणि यूट्यूबवर अनलिस्टेड (सर्चमध्ये न दिसणारं, फक्त लिंकने उघडणारं) म्हणजे प्रायव्हेट नव्हे हो, लिंक एकदा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली की कोणीही बघू शकतो कोण कधी घरातून बाहेर पडतंय, लहान मुलं किती वाजता शाळेतून येतात. मला हे अजिबात पटत नाही.

दुसरा मार्ग स्वतःचा सर्व्हर: रास्पबेरी पायवरच मीडियाएमटीएक्स हा स्ट्रीमिंग सर्व्हर, वेबआरटीसीने (ब्राउझरमध्ये थेट व्हिडिओ दाखवायची पद्धत) सेकंदाच्या आत चित्र, आणि बाहेरून बघायला टेलस्केल (तुमच्या डिव्हाइसांना जोडणारं खाजगी नेटवर्क), त्याला पब्लिक आयपी लागत नाही. प्रत्येक बघणाऱ्यामागे अपलोड वाढतं, दहा जणांना २० एमबीपीएस, आणि काकाकाकूंच्या फोनवर टेलस्केलचं ॲप टाकून द्यावं लागतं. गणपतीचं लाइव्ह दर्शन असेल तर बिनधास्त यूट्यूब. गेटसाठी मात्र दुसराच.