होरायझन युरोप: प्रत्यक्ष खर्चावरचं अनुदान घ्यावं की ठोक रक्कम?

जर्मनी, नेदरलँड्स किंवा आयर्लंडमधल्या एखाद्या छोट्या कंपनीत तुम्ही नोकरी करता आणि युरोपियन युनियनच्या होरायझन युरोप या कार्यक्रमातल्या संशोधन अनुदानाचा पहिला अर्ज करायचं काम तुमच्याकडे आलं आहे, असं धरून लिहितो. विषय निवडण्याआधी एक बघा: त्या कॉलमध्ये, म्हणजे अर्ज मागवणाऱ्या जाहिरातीत, पैसे प्रत्यक्ष खर्चावर मिळणार आहेत की ठोक रक्कम म्हणून? ते कॉलमध्येच ठरलेलं असतं. आपल्याला निवडता येतो तो फक्त कॉल.

प्रत्यक्ष खर्चाच्या पद्धतीत पगार, प्रवास, उपकरणं यांचा हिशेब द्यावा लागतो आणि नियमात बसेल त्या खर्चावर अनुदान मिळतं. यात सगळ्यात जास्त घोळ होतो पगाराच्या हिशेबात. युनियनचा खर्च तपासणारं लक्झेंबर्गचं युरोपियन कोर्ट ऑफ ऑडिटर्स वर्षानुवर्षं हेच नोंदवत आलं आहे, आणि छोट्या कंपन्या व नवखे अर्जदार जास्त चुकतात हेही.

चूक किती साधी असते ते बघा. माणसाचा दिवसाचा दर काढताना वर्षभराचा पगारखर्च २१५ ने (वर्षाचे धरलेले कामाचे दिवस) भागतात. समजा, तुम्ही ६४,५०० युरो धरले; दर आला ३००. ऑडिटरला त्यात ४,३०० युरो नफ्यातल्या वाट्याचे सापडले, जे पगार म्हणून धरता येत नाहीत. दर उतरला २८० वर. त्या माणसाचे १२० दिवस दाखवले असतील तर २,४०० युरो गेले, आणि त्यावर २५ टक्के ओव्हरहेड (अप्रत्यक्ष खर्चापोटी) मिळतो तोही गेला. म्हणजे एका माणसामागे ३,००० युरो परत. हीच पद्धत तुमच्या बाकीच्या होरायझन प्रकल्पांत वापरली असेल, तर कपात तिकडेही लागू होऊ शकते.

इथे कुणी लबाडी केलेली नाही, पण नियमाबाहेरचा खर्च तो चूकच. युरोपियन युनियनच्या एकूण खर्चात असा चुकांचा अंदाजित दर २०२३ मध्ये ५.६ टक्के होता, २०२४ मध्ये ३.६. ऑडिटर्स २ टक्क्यांपुढची चूक मोठी धरतात. चुका कमी व्हाव्यात आणि कागदपत्रांचा भार उतरावा, म्हणून युरोपियन आयोगाने २०१८ मध्ये ठोक रकमेचा प्रयोग सुरू केला आणि होरायझन युरोपमध्ये तो बराच वाढवला.

ठोक रकमेत आयोगासाठी टाइमशीट नाही, बिलं दाखवणं नाही, ४,३०,००० युरोंपासून पुढे लागणारं हिशेबाचं प्रमाणपत्रही नाही. वर्क पॅकेज (प्रकल्पाच्या कामाचा एक ठरलेला भाग) पूर्ण झालं की त्याचे ठरलेले पैसे मिळतात. प्रयोग फसला तरी चालतं, काम मात्र कबूल केल्याप्रमाणे झालेलं हवं आणि त्याचा पुरावा हवा: अहवाल, नोंदी, नमुने. शेवटच्या हप्त्यानंतर साधारण पाच वर्षं ही कागदपत्रं जपावी लागतात.

खरी मेहनत अर्जाच्या वेळी असते. बजेटचा तपशीलवार तक्ता तेव्हाच द्यावा लागतो आणि परीक्षक तो बारकाईने बघतात. वर्क पॅकेजची आखणी तर फार जपून करावी. तीन ठिकाणच्या चाचण्यांचं १,८०,००० युरोंचं एकच पॅकेज केलंत आणि अहवालाच्या वेळी दोनच ठिकाणं झाली असली, तर त्या हप्त्यात त्या पॅकेजचा एक युरोही येत नाही. तिसरं ठिकाण प्रकल्पातल्या दुसऱ्याच भागीदार संस्थेकडे असलं, तरी तुमचे पैसे अडकतात. म्हणून लांबलचक कामं अहवालाच्या कालावधीप्रमाणे तोडा. मधेच पैसे एका पॅकेजमधून दुसऱ्यात न्यायचे तर करारात दुरुस्ती लागते. प्रत्यक्ष खर्चात अशा हालचालींना बरीच मोकळीक असते.

माझं मत स्पष्ट आहे. अनुदानाचा हिशेब बघणारा स्वतंत्र माणूस नसलेल्या छोट्या कंपनीने पहिला अर्ज ठोक रकमेच्या कॉलला करावा, मात्र भागीदार खात्रीचे असतील तरच. विद्यापीठासारखी मोठी संस्था, जिथे टाइमशीटची शिस्त मुरलेली आहे, किंवा जिथे कामाची दिशा वरचेवर बदलणार आहे, तिथे प्रत्यक्ष खर्च बरा. आणि तो निवडलात तर पगाराचा दर कसा काढला, त्याचा कागद पहिल्याच वर्षी लेखापालाकडून तपासून घ्या; प्रकल्पासाठी दिलेल्या दिवसांच्या नोंदीवर दर महिन्याला त्या माणसाची आणि त्याच्या वरिष्ठांची सही होऊ द्या.