स्टीलची रील, स्टीलचा टँक: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून झाल्यावर

फिल्म घरी धुताना (डेव्हलप करताना) ती खाचांच्या चकरीवर, म्हणजे रीलवर, गुंडाळतात आणि रील उजेडबंद डब्यात, म्हणजे टँकमध्ये, ठेवतात. हे दोन्ही स्टीलचं घ्यावं का? आधी निकाल सांगतो, कारणं मग. पैसे रीलवर घालवा, टँकवर नको. टँक म्हणजे शेवटी झाकणाचा डबा. जुना, पोचे आलेला, दुसऱ्याच्या हातचा असला तरी चालून जातो. रील मात्र नीट घडणीची हवी. ती परवडत नसेल तर खुशाल प्लास्टिकवर राहा, कारण वाकड्या स्टीलच्या रीलपेक्षा पॅटरसन कंपनीची साधी प्लास्टिकची रील कितीतरी बरी.

मी ठाण्यात राहतो आणि ब्लॅक अँड व्हाइट रोल घरीच धुतो. बहुतेक वेळा इल्फर्डची एचपी५ प्लस फिल्म, अधूनमधून फोमाची. डार्करूम नाही, चेंजिंग बॅग (हात घालायला बाह्या असलेली उजेडबंद पिशवी) आणि बाथरूम एवढाच संसार. प्लास्टिक सोडलं ते पावसाळ्यापायी. जुलैत बॅगेत हात घातले की पाचेक मिनिटांत आत घामाची वाफ धरते. प्लास्टिकच्या रीलमध्ये फिल्म बाहेरून आत सरकवत न्यायची असते. दमट हवेत ती खाचेला धरते आणि हमखास शेवटच्या फेऱ्यांत अडून बसते. मागच्या वेळच्या वेटिंग एजंटचा (पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून शेवटच्या पाण्यात घालतात त्याचा) थर खाचेत राहिला असेल तर विचारूच नका. शिवाय दोन रोलांच्या मध्ये रील पूर्ण कोरडी करावी लागते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात ‘पूर्ण कोरडी’ म्हणजे थेट उद्या.

स्टीलच्या रीलवर फिल्म मधून सुरू होऊन बाहेर गुंडाळत येते. ती कुठेच ढकलावी लागत नाही, त्यामुळे दमटपणाचं तिला सोयरसुतक नाही. रील धुतली, झटकली, पुसली की दुसरा रोल चढवायला घ्या.

आता कुठली रील? माझ्याकडे ३५ एमएमच्या तीन आहेत. एक ह्यूज कंपनीची, एक जुन्या बाजारात मिळालेली आणि एक बिननावाची स्वस्तातली. ह्यूजची तार जाड आहे, सहजी वाकत नाही, आणि मध्यभागी दोन छोटे दात आहेत. फिल्मची भोकं त्या दातांत अडकवली की फिल्म आपोआप मधोमध बसते. बाकी दोन्ही रीलींना मध्ये स्प्रिंगची क्लिप आहे. अंधारात त्या क्लिपखाली फिल्म किंचित तिरकी गेली तरी पुढचे सगळे फेरे तिरके जातात. स्वस्तातलीच्या तारेला सांध्यापाशी खरखर आहे, नख फिरवलं की लगेच कळतं. ती आता रिकामी जागा भरायला वापरतो (ते पुढे सांगतो). ह्यूजचं एकच दुखणं म्हणजे किंमत. एका रीलच्या पैशात प्लास्टिकचा टँक रीलसकट येतो, आणि बाहेरून मागवली तर वर कस्टम्स.

जुनी रील घेताना दुकानातच काचेवर घरंगळत सोडून बघा. सरळ गेली पाहिजे. मग डोळ्यासमोर आडवी धरून दोन्ही बाजूंच्या तारा समांतर आहेत का ते पाहा. पडून वाकलेली रील घरी पक्कडीने सरळ करू म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

फिल्म चढवणं हाताला बसायला वेळ लागतो, हे खरं. एक वाया गेलेला रोल कायमचा सरावाला ठेवा: आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग बॅगेत. टोक कात्रीने सरळ कापायचं, शक्यतो दोन भोकांच्या मधून. लीडर (फिल्मचं सुरुवातीचं टोक) बाहेर राहिला असेल तर हे काम उजेडातच उरकतं. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यात फिल्मला हलकासा बाक द्यायचा आणि दुसऱ्या हाताने रील फिरवत राहायचं. बाक अगदी थोडा. जास्त दाबलं की फिल्म मुडपते आणि निगेटिव्हवर नखाएवढ्या काळ्या चंद्रकोरी उमटतात. दर दोन-तीन फेऱ्यांनी फिल्म किंचित मागे ढकलून बघायची. खाचेत मोकळी हलली तर सगळं ठीक. घट्ट लागली किंवा कुरकुर आवाज आला तर एक फेरा उलगडायचा आणि पुन्हा घ्यायचा. घाई केली की संपलं.

शेवटी बोट फिरवून अंदाज घ्या. नेहमीपेक्षा जास्त तार रिकामी राहिली असेल तर आत दोन फेरे एकाच खाचेत बसले आहेत. उलट फिल्म बाहेर लोंबत उरली असेल तर कुठेतरी खाच गाळली गेली आहे. फिल्म फिल्मला चिकटली की तिथे केमिकल पोचत नाही आणि तेवढा तुकडा दुधी राहतो.

स्टीलच्या टँकचा मोठा फायदा म्हणजे केमिकल कमी लागतं. ३५ एमएमच्या एका रीलला पॅटरसनमध्ये २९० मिली लागतं, स्टीलच्या छोट्या टँकमध्ये २४०-२५० मिली. पण इथे एक मेख आहे. पाणी घालून पातळ केलेल्या डेव्हलपरमध्ये (फिल्मवर चित्र उमटवणारं केमिकल) मूळ द्रावण पुरेसं हवं. रोडिनल (एक डेव्हलपर) रोलमागे १० मिली तरी असावं असं जुने लोक सांगतात, आणि १+५० ने (एक भाग रोडिनल, पन्नास भाग पाणी) २५० मिलीत जेमतेम ५ मिली बसतं. कोडॅकचा डी-७६ डेव्हलपर १+१ ने वापरून छोट्या टँकमध्ये ३६ फोटोंचा रोल धुवायचा तर वेळ १० टक्के वाढवा, असं कोडॅकनेच सांगून ठेवलंय. म्हणून मी दोन रीलींचा टँक घेतला. त्यात एकच रोल धुवायचा तर भरलेली रील खाली, रिकामी वर, आणि डेव्हलपर पूर्ण टँकभर. रिकामी रील नसली की भरलेली आत वरखाली आपटत राहते. स्वस्तातली रील इथे कामाला येते.

गळती मात्र गृहीत धरा. स्टीलच्या टँकला स्टीलचंच झाकण असेल तर केमिकल ढवळायला उलटापालट करताना थेंब येतातच, विशेषतः झाकण आणि टँक वेगवेगळ्या जोडीतले असतील तर. मी सांध्यावरून इलेक्ट्रिकलची टेप फिरवतो आणि हातमोजे घालतो. प्लास्टिकचं झाकण असलेले टँक कमी गळतात. झाकण अडकून बसलं तर नळाचं गरम पाणी फक्त झाकणावर सोडा, सुटतं. डेव्हलपर ओतायलाही वेळ लागतो. पॅटरसनमध्ये भसकन जातं, इथे टँक तिरका धरून सावकाश.

उन्हाळ्यातला अनुभव दोन्ही बाजूंचा आहे. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी ३० अंशांच्या वर असतं. बर्फाच्या पाण्यात ठेवलेला स्टीलचा टँक दोन-तीन मिनिटांत थंड होतो, प्लास्टिकला फार वेळ लागतो. पण बाहेर काढला की तितक्याच वेगाने तापतो, तुमच्या तळहातानेसुद्धा. त्यामुळे दर उलटापालटीनंतर टँक परत पाण्याच्या टबात. २० अंशांचा हट्ट मी सोडला आणि २४ वर धुतो. डी-७६ च्या मूळ (पातळ न केलेल्या) द्रावणात एचपी५ प्लसला २० अंशांवर साडेसात मिनिटं, २४ वर साधारण सव्वापाच. त्याहून गरम केलं तर वेळ पाच मिनिटांच्या खाली जाते आणि निगेटिव्ह एकसारखं येत नाही. फिक्सर (चित्र पक्कं करणारं केमिकल) आणि धुण्याचं पाणीही त्याच्याच आसपास ठेवतो.

१२० या मोठ्या आकाराच्या फिल्मसाठी मात्र स्टील घेणार नाही. फिल्म रुंद आणि पातळ, भोकं नाहीत, सगळी मदार क्लिपवर. एका मित्राची रील आणून पाहिली आणि परत दिली. १२० चे रोल अजून पॅटरसनमध्येच धुतो. पावसाळ्यात ते दिवाळीपर्यंत फ्रिजमध्ये थांबतात.